मेंदूज्वर घरात शिरण्याआधी आणि शिरल्यावर: लसीच्या कार्डापासून कानाच्या तपासणीपर्यंत काय काय करायचं

पुण्यात हडपसरजवळच्या मांजरी भागात आमचं घर आहे, गच्चीवरून रात्री सीरम या लसी बनवणाऱ्या कंपनीचे दिवे दिसतात. शेजारपाजारचे दोन-चार जण तिथेच कामाला आहेत त्यामुळे लस म्हटलं की आम्हाला ती घरचीच गोष्ट वाटते. आणि तरीही माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाच्या कार्डावर नऊ महिन्यांचा न्यूमोकोकल लसीचा रकाना रिकामा राहिला, कारण त्या वेळी ती सासरी गावाला होती, परत आल्यावर बाळाला सर्दी होती, मग पुढच्या महिन्यात बघू, मग राहूनच गेलं. चौदा महिन्यांचा असताना त्याला न्यूमोकोकस याच जंतूचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूज्वर, झाला. तो डोस झाला असता तर आजार टळलाच असता का, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. पण तो रिकामा रकाना माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

शुक्रवारी रात्री ताप आला. शनिवारी जवळच्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं, दात येतायत आणि व्हायरल पण आहे असं सांगून सिरप दिलं. रविवारी उलट्या, आणि कडेवर घेतलं की जास्तच रडायचा, खाली ठेवलं की जरा शांत. आम्हाला ते विचित्र वाटलं पण अर्थ कळला नाही. रविवारी रात्री फिट आली तेव्हा हॉस्पिटल गाठलं. मुलगा वाचला, आता पळतो, खोड्या करतो, पण डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही आणि उजव्याला मशीन आहे. त्या पंधरा दिवसांत आणि नंतर जे जे समजून घेतलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं, वाचलं, ते सगळं इथे लिहितेय, म्हणजे ज्यांच्या घरात लहान मूल आहे, हॉस्टेलला जाणारं पोर आहे, म्हातारं माणूस आहे, त्यांना एका जागी मिळेल.

आधी हा आजार नक्की कुठला

मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर तीन पातळ आवरणं असतात, त्यांना सूज आली की मेनिंजायटिस. आपल्याकडे याला मेंदूज्वर म्हणतात पण तोच शब्द मेंदूच्या स्वतःच्या सुजेला म्हणजे एन्सेफलायटिसलाही वापरतात, त्यामुळे डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर आणि हा, यात लोकांचा कायम गोंधळ होतो. तो वेगळा, त्याची लस वेगळी. इथे मी मुख्यतः जंतूंमुळे, म्हणजे बॅक्टेरियामुळे होणाऱ्या मेनिंजायटिसबद्दल बोलतेय कारण माणूस एका दिवसात हातचा जातो तो यात. व्हायरसमुळे होणारा बहुतेक वेळा सौम्य असतो आणि आपला आपण बरा होतो, पण सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसतात आणि घरी बसून ते ओळखता येत नाही.

मुख्य चार जंतू आहेत. मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस, हिब, आणि नवजात बाळांमधला ग्रुप बी स्ट्रेप. पाचवा आपल्या देशात कधीच विसरायचा नाही, टीबीचा, त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय. यातले पहिले तीन जंतू निरोगी माणसाच्या नाका-घशात नुसते पडून असतात, मेनिंगोकोकस तर साधारण दहातल्या एकाच्या घशात असू शकतो आणि त्याला काही होत नाही. खोकल्या-शिंकण्यातून, थुंकीतून तो दुसऱ्याकडे जातो आणि क्वचित कोणाच्या तरी रक्तात उतरतो. म्हणून 'कोणापासून लागलं' हा शोध घेत बसण्यात अर्थ नसतो, आमच्याकडे यावरून दोन घरांत बोलाचाली झाली होती, उगाच.

पहिली पायरी: आजच कार्ड काढून बघा

कपाटातलं, फाइलमधलं, जिथे असेल तिथलं लसीचं कार्ड काढा आणि हे रकाने तपासा.

जन्माच्या वेळचा बीसीजी. हा टीबीच्या मेंदूज्वरापासून लहान मुलांना वाचवायलाच मुख्यतः देतात, दंडावरचा व्रण म्हणजे नुसती खूण नाही. राहून गेला असेल तर सरकारी वेळापत्रकात एक वर्षापर्यंत देतात.

मग पेंटाव्हॅलंट, ६, १० आणि १४ आठवड्यांना. पाच आजारांची लस एका सुईत, त्यातला एक हिब. आपल्या देशात ही २०११ च्या डिसेंबरमध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरू झाली आणि नंतर सगळीकडे आली.

मग पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकलची, ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. हीच ती. ही २०१७ मध्ये हिमाचल आणि बिहार-यूपीच्या काही भागांत सुरू झाली आणि २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रात फुकट मिळते. त्याआधी प्रायव्हेटमध्ये हजारो रुपये मोजावे लागायचे, त्यामुळे अजून बऱ्याच जणांना वाटतं ही महागडी 'ऑप्शनल' लस आहे. नाहीये. मनपाच्या दवाखान्यात, प्रसूतिगृहात, अंगणवाडीतल्या लसीकरणाच्या दिवशी मिळते.

९ महिने आणि १६ ते २४ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस पण बघा, कारण गोवरातूनही मेंदूपर्यंत त्रास जाऊ शकतो.

आता गंमत अशी की नऊ महिन्यांच्या भेटीला आपण 'गोवराची लस' म्हणतो, त्यामुळे त्या दिवशी पीसीव्हीचा बूस्टरही असतो हे डोक्यातच राहत नाही. जी मुलं बाळंतपणाला माहेरी, मग सासरी, मग परत पुण्यात अशी फिरतात त्यांचं हमखास इथेच अडकतं. कार्ड हरवलं असेल, गाव बदललं असेल तरी दुसऱ्या कुठल्याही केंद्रात डोस घेता येतो, यू-विनवर, म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदणीत, नाव असेल तर अजून सोपं. आणि साधी सर्दी असेल, थोडा खोकला असेल तर लस थांबवायची गरज नसते, सिस्टरना विचारा, त्या सांगतील. उशीर झाला म्हणून परत पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला डोस घ्यायचा असतो. मूल एक वर्षाच्या पुढे गेलं असेल आणि पीसीव्ही सुरूच झाली नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवावं लागतं.

जगात किती मोठं आहे हे आणि त्यात हडपसरचा काय संबंध

हे मी मुद्दाम मध्ये घालतेय, कारण भाच्याच्या आजारपणात रात्री जागून वाचताना मला हे कळलं आणि तोपर्यंत इतकी वर्षं मांजरीत राहून मला पत्ताच नव्हता.

२०१९ मध्ये जगात मेनिंजायटिसच्या अंदाजे २५ लाख केसेस झाल्या आणि २ लाख ३६ हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली जवळपास निम्मी पाच वर्षांच्या आतली पोरं. १९९० मध्ये मृत्यूंचा आकडा चार लाखांच्या वर होता, म्हणजे कमी झालंय, पण गोवर किंवा धनुर्वात ज्या वेगाने कमी झाले त्या वेगाने नाही. जंतूंचा मेनिंजायटिस झालेल्या सहा जणांपैकी एक जातो आणि पाचांपैकी एकाला आयुष्यभराचं काहीतरी मागे राहतं, कान, फिट्स, हातपाय, शिकण्याची अडचण. आमच्या घरात हा पाचातला एक आहे.

सगळ्यात जास्त मार खाल्लाय आफ्रिकेने. पश्चिमेला सेनेगलपासून पूर्वेला इथिओपियापर्यंत २६ देशांचा पट्टा आहे, त्याला मेनिंजायटिस बेल्टच म्हणतात, लापेसोनी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९६३ मध्ये तो नकाशावर मांडला. डिसेंबर ते जून कोरडा काळ, वाळवंटाकडून धुळीचा वारा येतो, लोकांचे घसे कोरडे पडतात, गर्दीच्या घरात झोपणं, आणि दर काही वर्षांनी भयानक साथ. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त केसेस आणि पंचवीस हजार मृत्यू. तेव्हा लस नव्हती असं नाही, होती, पण जुन्या पद्धतीची. ती जंतूच्या वरच्या साखरेच्या कवचापासून बनवलेली असायची आणि लहान बाळांचं शरीर त्या साखरेला ओळखतच नाही, शिवाय मोठ्यांमध्येही असर काही वर्षांत उतरतो आणि घशातला जंतू जात नाही. म्हणजे साथ आली की धावत जाऊन टोचा, पुढच्या साथीला परत तेच.

उपाय शास्त्रज्ञांना माहीत होता. ती साखर एखाद्या प्रोटीनला जोडायची, म्हणजे शरीर ती लक्षात ठेवतं, याला कॉन्जुगेट लस म्हणतात. पण मोठ्या कंपन्यांना गरीब देशांसाठी ती बनवण्यात रस नव्हता, आणि आफ्रिकेतले आरोग्य खात्याचे लोक स्पष्ट सांगत होते की एका डोसला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त परवडणार नाही. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशातून पाथ ही संस्था आणि डब्ल्यूएचओ म्हणजे जागतिक आरोग्य संघटना यांनी मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट सुरू केला, मार्क लाफोर्स नावाचे डॉक्टर त्याचे प्रमुख. जोडणीचं तंत्र अमेरिकेच्या एफडीए या सरकारी औषध-नियंत्रण संस्थेच्या प्रयोगशाळेतून आलं, आणि लस बनवायची तयारी दाखवली आपल्या पुण्याच्या सीरमने, तेही अर्ध्या डॉलरच्या आत, म्हणजे त्यावेळच्या हिशोबाने वीस-बावीस रुपयांच्या आसपास. तिचं नाव मेनआफ्रिव्हॅक. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमध्ये ती सुरू झाली. पुढच्या वर्षांत तीस कोटींहून जास्त लोकांना मिळाली आणि ज्या ए प्रकारच्या मेनिंगोकोकसने तिकडच्या बहुतेक साथी यायच्या त्याची २०१७ नंतर त्या पट्ट्यात एकही पक्की केस सापडलेली नाही. ही लस ४० डिग्रीपर्यंतच्या उन्हात चार दिवस फ्रिजबाहेर ठेवली तरी चालते अशी मान्यता तिला मिळाली, त्यामुळे जिथे लाइट नाही त्या गावांत ती पोचली. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून, आणि मला रडू आलं, कारण लस बनते आपल्या शेजारी, ती बुर्किना फासोच्या खेड्यातल्या पोराला वाचवते, आणि आमच्या घरातलं पोर आत पडलंय.

ए गेला पण सी, डब्ल्यू आणि एक्स प्रकार राहिले, आणि एक्सवर तर जगात लसच नव्हती. मग पुन्हा सीरम आणि पाथ यांनी मिळून पाच प्रकारांची एक लस केली, मेनफाइव्ह, ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स. २०२३ च्या जुलैमध्ये डब्ल्यूएचओची मान्यता आणि २०२४ मध्ये नायजेरिया ती वापरणारा जगातला पहिला देश. यामागे आता ठरवलेला जागतिक आराखडा आहे, २०२० मध्ये सगळ्या देशांनी मान्य केलेला: २०३० पर्यंत साथी संपवायच्या, लसीने टळणाऱ्या केसेस निम्म्यावर आणायच्या, मृत्यू ७० टक्क्यांनी कमी करायचे, आणि ज्यांना अपंगत्व आलंय त्यांचं आयुष्य सुधारायचं. हा शेवटचा मुद्दा त्यात लिहिलाय याचं मला फार बरं वाटलं.

आपल्याकडे दिल्लीत १९८५ ला आणि परत २००५ मध्ये मेनिंगोकोकसच्या साथी आल्यात, २००८-०९ मध्ये मेघालय-त्रिपुरात. एरवी आपल्या मुलांमध्ये न्यूमोकोकस आणि हिबचीच भीती जास्त, म्हणून सरकारी वेळापत्रकात त्या दोन आहेत आणि मेनिंगोकोकसची नाही.

दुसरी पायरी: ओळखायचं कसं, आणि इथेच सगळा खेळ आहे

मोठ्या मुलात आणि माणसात जोरात ताप, सहन न होणारी डोकेदुखी, उलट्या, उजेड नकोसा होणं, मान ताठ. मान बघायची तर हनुवटी छातीला लावायला सांगा, तोंड बंद ठेवून. लागत नसेल, दुखत असेल तर थांबू नका. पण मान ताठ नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका, सुरुवातीच्या तासांत ती नसू शकते. बरळणं, ओळख न पटणं, झोपेतून नीट जागं न होणं, हे तर आलंच. हातपाय गार पडणं, पाय खूप दुखणं आणि ताप चढलेला, हे रक्तात जंतू पसरल्याचं लक्षण असू शकतं आणि ते डोकेदुखीच्या आधी येऊ शकतं.

तान्ह्या बाळाचं वेगळं असतं. त्यात मान ताठ होत नाही बऱ्याचदा. दूध ओढत नाही, अंग मऊ पडतं किंवा उलट धनुष्यासारखं मागे वाकतं, रडणं बारीक आणि किंचाळल्यासारखं येतं, नेहमीचं नाही. आणि ते मी वर लिहिलं ते, उचललं की जास्त रडतं. बाळाला उचलताना आपण पाय-मान वाकवतो, सुजलेली आवरणं ताणली जातात, म्हणून. एरवी बाळ कडेवर घेतलं की शांत होतं, हे उलटं झालं की लगेच सावध व्हायचं. नवजात बाळाला तर ताप येण्याऐवजी अंग गारही पडू शकतं.

आणि टाळू. आपल्या घरांत आज्जी रोज टाळू भरते, तेल घालते, मालिशवाल्या मावशींची बोटं तिथे रोज फिरतात, त्यामुळे बाळाच्या टाळूतला फरक त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. बाळ शांत असताना, बसत्या अवस्थेत धरलेलं असताना टाळू वर आलेली, टणक लागली तर आतला दाब वाढलाय असं समजायचं. रडताना ती थोडी वर येतेच, ते धरायचं नाही. खोल गेलेली टाळू म्हणजे पाणी कमी झालंय, ते वेगळं, पण तेही दाखवायचंच. घरातल्या बायकांनी 'टाळू वेगळी लागतेय' म्हटलं तर त्यांचं ऐका, प्लीज.

अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठले तर काचेचा ग्लास घ्या, स्टीलचा नाही, आपल्या घरात पटकन स्टीलचाच हाताशी येतो, आणि ठिपक्यांवर दाबून आरपार बघा. दाबल्यावरही ठिपके गेले नाहीत तर ते कातडीखालचं रक्त आहे आणि ही इमर्जन्सी आहे. सावळ्या अंगावर ते पटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू, तोंडात टाळ्याला बघा. पण ठिपके मुख्यतः मेनिंगोकोकसमध्ये येतात, आमच्या भाच्याला एकही नव्हता, म्हणून त्यांची वाट बघत बसायचं नाही.

ज्या समजुतींमुळे वेळ जातो त्या पण सांगते कारण आमचाही त्यातच गेला. दात येताना बाळ किरकिर करतं, पण १०२-१०३ ताप आणि सारख्या उलट्या दातांमुळे नसतात. ऊन लागलं, दृष्ट लागली, ॲसिडिटी झाली, हे म्हणून एक रात्र काढायची नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे आजार गेला असं नाही. घरात उरलेलं अँटिबायोटिकचं सिरप द्यायचं नाही, त्याने आजार बरा होत नाही आणि तपासणीत जंतू सापडेनासा होतो. मात्र आधीच दिलं असेल तर लपवू नका, नाव आणि किती डोस ते डॉक्टरांना सांगा.

आणि एकदा डॉक्टरांनी व्हायरल सांगितलं म्हणजे ते कायमचं नसतं. सकाळी खरंच व्हायरलसारखं दिसलेलं मूल संध्याकाळी वेगळं दिसू शकतं, परत दाखवायचा हक्क आहे तुमचा, त्याच दिवशी सुद्धा. आम्ही 'कालच तर दाखवलं' म्हणत रविवार घालवला.

तिसरी पायरी: निघताना

१०८ फुकट आहे. स्वतःची गाडी असेल आणि जवळ असेल तर सरळ निघा, पण जिथे लहान मुलांचं आयसीयू आहे अशाच ठिकाणी, चार छोट्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढण्यात तास जातो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तर दोन. घराजवळ असं कुठलं हॉस्पिटल आहे, रात्री चालू असतं का, हे आज शांत डोक्याने बघून ठेवा. सरकारी ससून हॉस्पिटल आहेच.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काहीही घालू नका, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा थांबून परत आली तर एक मिनिट घालवायचा नाही.

बरोबर लसीचं कार्ड, आधी दिलेल्या औषधांच्या बाटल्या किंवा फोटो, रेशन कार्ड आणि आधार घ्या, महात्मा फुले योजनेसाठी ते लागतं, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्रांना पहिल्याच दिवशी भेटा. कुठल्या वेळी काय झालं ते मोबाइलमध्ये टाइप करून ठेवा, 'शनिवार सकाळी ९ ताप १०२, रविवार दुपारी ४ उलट्या' असं, कारण तिथे गेल्यावर काही आठवत नाही.

तिथे सरळ विचारा: डॉक्टर, मेनिंजायटिस असू शकतो का? हा प्रश्न उद्धट नाही. संशय असेल तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन तासाभरात जायला हवं, रिपोर्ट यायची वाट बघून नाही. त्याच्याबरोबर स्टिरॉइडही देतात बऱ्याचदा, मेंदूजवळची सूज कमी व्हावी आणि कान वाचावेत म्हणून. 'स्टिरॉइड' ऐकून माझ्या बहिणीच्या सासूबाई घाबरल्या होत्या, पण हे थोड्या दिवसांचं असतं आणि अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसबरोबर द्यायला हवं, फार उशिरा देऊन फायदा नसतो. डब्ल्यूएचओने २०२५ मध्ये मेनिंजायटिसच्या उपचारांची आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही हे आहे.

पाठीतलं पाणी

इथे निम्मी घरं अडतात. डॉक्टर म्हणतात पाठीतलं पाणी काढून तपासायचंय, सही करा, आणि घरातला कोणीतरी म्हणतो नको, पाठीतून पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो. आमच्याकडे तर फोनवरून तिघांनी सांगितलं. त्या रात्रीच्या रेसिडेंट मॅडमनी एका कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा माझ्या बहिणीने सही केली. मज्जारज्जू कमरेच्या बराच वर संपतो, सुई त्याच्या खाली, जिथे नुसतं पाणी आणि सुट्या नसा असतात तिथे घालतात. काढतात ते काही थेंब. मोठ्या माणसाचं शरीर दिवसाला साधारण अर्धा लिटर नवीन पाणी बनवतं, त्यामुळे कमी पडायचा प्रश्नच नाही. नंतर थोडी डोकेदुखी, पाठ दुखणं होऊ शकतं. आणि जे अधूपण येतं ते आजारामुळे येतं, सुईमुळे नाही, पण सुई नंतरची आठवण असते म्हणून दोष तिला लागतो.

त्या पाण्यातून काय कळतं? ते गढूळ आहे का, पांढऱ्या पेशी किती आणि कुठल्या, साखर कमी झालीय का, कारण जंतू असले की साखर उतरते, प्रोटीन वाढलंय का. हे त्याच दिवशी. कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं, दोन-तीन दिवसांनी, त्यात जंतूचं नाव आणि कुठलं औषध चालेल ते. म्हणजे यावरच ठरतं की इंजेक्शनं सात दिवस, चौदा दिवस की टीबीचा वर्षभराचा कोर्स. मेंदूवर दाब खूप असेल तर डॉक्टर आधी सीटी करतात किंवा थांबतात, पण औषध थांबत नाही. मूल तिसऱ्या दिवशी खेळायला लागलं म्हणून डिस्चार्ज मागू नका, आमच्या शेजारच्या बेडवाल्यांनी मागितला होता, खर्चामुळे, मला त्यांची अडचण कळत होती पण फार वाईट वाटलं.

घरातल्या बाकीच्यांचं काय? जंतू मेनिंगोकोकस निघाला तर एकाच घरात राहणाऱ्या, एका खोलीत झोपणाऱ्या माणसांना शक्यतो २४ तासांच्या आत प्रतिबंधक औषध देतात, कोणाला कुठलं ते डॉक्टर ठरवतात. हिब असेल आणि घरात लस न झालेलं लहान मूल असेल तरी देतात. न्यूमोकोकसमध्ये सहसा लागत नाही. सोसायटीत, शाळेत सगळ्यांना काही घ्यायची गरज नसते आणि त्या घरावर बहिष्कार टाकायची तर अजिबात नाही.

टीबीचा मेंदूज्वर, हा हळू येतो

यात एका दिवसात काही होत नाही, म्हणूनच तो फसवतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक नाही, वजन उतरतंय, मूल चिडचिडं झालंय, खेळत नाही, सकाळी उलटी, डोकं दुखतंय म्हणतं, मग झोपाळूपणा, डोळा तिरळा दिसायला लागतो. घरात किंवा शेजारी कोणाला टीबी असेल, खोकणारे आजोबा असतील तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते सांगा. उपचार लांब चालतात, बहुतेक वेळा वर्षभर, आणि मध्ये सोडले तर परत येतो. सरकारी टीबी कार्यक्रमात औषधं फुकट आहेत आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना १००० रुपये खात्यात येतात, नोंद करून घ्या.

ज्यांनी वेगळं लक्ष द्यायचं

पुण्यातून दरवर्षी इतकी पोरं बाहेर शिकायला जातात, त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्ये मेनिंगोकोकल एसीडब्ल्यूवाय लस लिहिलेली असते आणि व्हिसाच्या धावपळीत ती शेवटच्या आठवड्यात आठवते. हॉस्टेलमध्ये एका खोलीत दोघं-तिघं, एका बाटलीतून पाणी, यात हा जंतू पसरतो, म्हणून मागतात. प्रायव्हेटमध्ये मिळते, निघायच्या महिनाभर आधी घ्या, सर्टिफिकेट जपून ठेवा.

हज आणि उमराला जाणाऱ्यांना हीच लस सक्तीची आहे, पोचण्याच्या किमान १० दिवस आधी. २००० च्या हजमध्ये डब्ल्यू प्रकाराची साथ झाली आणि यात्रेकरूंबरोबर ती बऱ्याच देशांत गेली, तिथून हा नियम कडक झाला. हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांची सोय सरकारी यंत्रणा करते, प्रायव्हेट टूरने किंवा उमराला जाणाऱ्यांनी स्वतः बघायचं.

प्लीहा काढलेली माणसं, सिकलसेलवाले, ऐकू यावं म्हणून आतल्या कानात कॉक्लियर इम्प्लांट हे यंत्र बसवलेली मुलं, यांनी न्यूमोकोकल आणि मेनिंगोकोकल दोन्हीबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. साठीच्या पुढच्या लोकांनी न्यूमोकोकलबद्दल.

दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. एक, टू-व्हीलरवरून पडून डोक्याला मार लागल्यावर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं पातळ गळत राहिलं तर ती सर्दी नसू शकते, मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं, आणि त्या फटीतून न्यूमोकोकस आत जातो, कधी कधी अपघातानंतर कित्येक महिन्यांनी. पुण्यात हेल्मेटवरून किती वाद होतात, हे पण एक कारण लक्षात असू द्या. दोन, वाहता कान. लहानपणापासून कान वाहतोय, वास येतो, तेल कोमट करून घालतोय, हे वर्षानुवर्षं चालतं आपल्याकडे. कानाचं हाड आणि मेंदूचं आवरण यात अंतर फार कमी आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, तेल नको.

शेवटची पायरी, जी डिस्चार्जच्या गडबडीत सुटते

घरी सोडण्याआधी किंवा जास्तीत जास्त चार आठवड्यांत कानाची तपासणी. लहान बाळांची बेरा टेस्ट करतात, झोपवून, डोक्याला वायर लावून, दुखत नाही. 'टाळी वाजवली की बघतो' यावर विसंबू नका, भाचाही टाळीला बघायचा, एका कानावर. वेळ महत्त्वाचा याचं कारण हे की मेनिंजायटिसनंतर आतल्या कानाच्या शंखात हाड तयार व्हायला लागू शकतं आणि ते भरलं की कॉक्लियर इम्प्लांट बसवणं अवघड होतं, म्हणजे इथे वर्षभर वाट बघायची मुभा नसते. इम्प्लांटसाठी केंद्राच्या ॲडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेतून मदत मिळते, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे तिथे चौकशी करता येते, आणि ऐकणं कायमचं कमी झालं असेल तर यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र काढून घ्या, पुढे शाळेत लागतं.

मशीन लागलं की काम संपत नाही. स्पीच थेरपी, रोज घरी बोलत राहणं, मुलाच्या समोर तोंड करून, टीव्ही बंद ठेवून. फिट्स येतायत का, चालताना तोल जातोय का, कारण तोलाचं यंत्र पण कानातच असतं, शाळेत गेल्यावर लक्ष लागतंय का, हे पहिली दोन वर्षं डायरीत लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि राहिलेल्या लसी पूर्ण करा, एकदा होऊन गेला म्हणून परत होणार नाही असं नसतं, न्यूमोकोकसचे प्रकार शंभराच्या आसपास आहेत.

भाच्याचा पीसीव्हीचा तो राहिलेला डोस डॉक्टरांशी बोलून नंतर दिला. बहिणीने कार्डाचा फोटो काढून आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, मग वहिनीने तिच्या मुलीचं कार्ड काढलं, तर तिचाही नऊ महिन्यांचा रकाना रिकामा. ती अकरा महिन्यांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तिला घेऊन मनपाच्या दवाखान्यात गेलो, वीस मिनिटं रांग होती.